दोन डाव्या हातांची बाहुली

खरी वस्तू पाहून ज्याचा चेहरा पडतो असा एकच माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका माझा मामेसासरा निघाला. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत सासरच्या माणसांवर छाप पाडावी म्हणून मी त्यांच्यासाठी एक परदेशी मोटार नेली होती. खेळण्यातलीच, पण अस्सल. दारं उघडणारी, पोटावर कंपनीचं नाव कोरलेली. "मामांना खेळण्यांचा नाद आहे" एवढंच बायकोने मला सांगितलं होतं, पुढचं सांगायला ती सोयीस्कर विसरली होती. मामांनी मोटार हातात घेतली, उलटी केली, चाकं फिरवली, नाकाशी नेऊन वास घेतला आणि दागिना पितळेचा निघाल्याचं सोनाराने गिऱ्हाइकाला सांगावं तशा हळुवार आवाजात म्हणाले, "जावईबापू, वाईट वाटून घेऊ नका. पण ही खरी आहे हो." माझा चेहरा बघून त्यांनाच दया आली. पाठीवर हात ठेवून म्हणाले, "होतं असं. दुकानदार फसवतात नवख्या माणसाला."

मामा नकली खेळणी जमवायचे. परदेशात कुणी तरी एखादं झकास खेळणं काढायचं, ते बघून आपल्याकडच्या कुठल्याशा अंधाऱ्या गाळ्यात घाईघाईने त्याचा साचा उतरवला जायचा, आणि मग ते जरासं वाकडं, जरासं गोंधळलेलं लेकरू निर्मळच्या जत्रेत, नंदाखालच्या सणाला चर्चबाहेर लागणाऱ्या दुकानांत, नाहीतर नालासोपारा स्टेशनबाहेरच्या हातगाडीवर विकायला यायचं. मामांचं सगळं प्रेम या गोंधळलेल्या लेकरांवर. त्यांच्याकडे एक पहिलवान होता, त्याचं डोकं अंतराळवीराचं, धड मुष्टियोद्ध्याचं आणि पाय बहुधा एखाद्या बाईचे होते. एक यंत्रमानव होता, त्याच्या डोळ्यांत लागायला हवा तो दिवा पोटात लागायचा. ढोल वाजवणारं माकड किल्ली दिली की ढोल सोडून स्वतःच्याच गुडघ्यावर टिपरी मारायचं. मोटारींची चारही चाकं एका मापाची निघाली तर मामा ती मोटार घेतच नसत. मी एकदा न राहवून विचारलं, की यात जमवण्यासारखं आहे तरी काय? तर म्हणाले, "अस्सल खेळणं काय हो, घरोघर सारखंच. नकली प्रत्येक वेगळं. चुकायला माणूस लागतो."

नकलीपणाची पारख करण्यात मात्र ते फार कडक होते. जोडावरची रेघ नखाने चाचपायची, रंग डोळ्यांबाहेर ओघळलाय का बघायचं, आणि शेवटी वास. रॉकेलसारखा वास आला की मामांचा चेहरा उजळायचा. अशा माणसालाही एकदा एकाने गंडवलं. दोन हजार सालानंतर जुन्या वस्तूंचे शौकीन वाढले, तशी कुणीतरी जुन्या नकली खेळण्यांचीसुद्धा नक्कल काढायला सुरुवात केली. मामांनी मोठ्या हौसेने एक पत्र्याचा बेडूक घरी आणला. पोट दाबलं की टिक्टिक् वाजणारा, लहानपणी जत्रेत मिळायचा तसलाच. चार दिवसांनी त्यांच्या लक्षात आलं, की गंज रंगवलेला आहे. मला त्यांचा फोन आला तेव्हा घरात काही वाईट घडलं की काय असं वाटलं. "फसलो हो," ते म्हणाले, "नकली म्हणून घेतला, आणि नकली निघाला!" त्यांना काय म्हणायचंय ते समजायला मला थोडा वेळ लागला. तोवर त्यांनी, आता नकलीतसुद्धा काही खरं राहिलं नाही, म्हणून फोन ठेवून दिला होता.

हा सगळा प्रपंच नालासोपाऱ्यात, आचोळ्यातल्या त्यांच्या वन रूम किचनमध्ये राहायचा. मामा मूळचे तिकडे वसईच्या खाडीकाठच्या गावातले, भातशेतीवाल्या घरातले. मुंबईत एका कचेरीत नोकरी लागली तशी त्यांनी नव्वदीच्या सुरुवातीला आचोळ्यात जागा घेतली. तेव्हा तिथे पाण्याची बोंब. टँकर आला की जिन्यात हंड्या-कळशांची लढाई. त्या दिवसांत इतर घरांत जिथे पाण्याचे ड्रम असायचे तिथे मामांकडे खोकी. माळ्यावर खोकी, पलंगाखाली खोकी, फ्रिजवर खोकी. मामींचा स्वभाव मुळात गोड, पण टँकरच्या दिवशी त्यांना बोलायला कुणी तरी लागायचं. "लोकांची घरं पाण्याने भरलीत," त्या मला म्हणाल्या, "आणि आमच्याकडे आंघोळीला तांब्याभर पाणी नाही, पण माकडाला राहायला स्वतंत्र खोकं आहे." मामा आतून ओरडले, "माकडाचं नाही, पहिलवानाचं आहे ते!" जणू त्याने मामींची तक्रार मिटणार होती.

तर खोकी. मामांच्या नादाचा अर्धा भाग खेळणी आणि उरलेला अर्धा त्यांची खोकी. जत्रेतल्या खेळण्यांना खोकं क्वचितच असायचं, बहुतेक वर्तमानपत्रात गुंडाळून मिळायची. असलंच तर आठवड्याभरात फाटायचं. मामा ती खोकी पुन्हा तयार करायचे. आठवणीवरून, जुन्या लोकांना विचारून. पुठ्ठा कापायचा, गव्हाच्या पिठाची खळ शिजवायची, झुरळं लागू नयेत म्हणून त्यात मोरचूद घालायचं, आणि सगळं जमलं की त्याला जुनेपण यावं म्हणून चहाचं पाणी फासून कोपरे जिन्याच्या कठड्यावर घासायचे. खोक्यातून खेळणं दिसावं म्हणून पुढे जी खिडकी असते तिच्यासाठी त्यांना जिलेटीनचा कागद लागायचा, आणि त्या कागदापुढे मामांना नात्यागोत्याचं भान राहत नसे. एका लग्नात रुखवताच्या टेबलापाशी ते बराच वेळ भक्तिभावाने उभे दिसले. मुलीकडच्यांना वाटलं, काय कौतुकाने बघताहेत. पाहतात तर मामा करंज्यांच्या ताटावरचा कागद टाचण्या न सोडवता अलगद सोलत होते. "जेवणानंतर कचऱ्यातच जाणार ना तो?" एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मामी त्या लग्नात जेवल्या नाहीत.

हे सगळं मी हसत हसत सांगतो खरा, पण या खोक्यांच्या मुळाशी एकच खोकं होतं, आणि ते हसण्यासारखं नव्हतं. मामा सात-आठ वर्षांचे असतील. त्यांची थोरली बहीण, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांच्याहून चारेक वर्षांनी मोठी. त्यांचे वडील हंगामात भाजीच्या पाट्या घेऊन मुंबईला जायचे. एकदा येताना लेकीसाठी त्यांनी फुटपाथवरून एक बाहुली आणली. निजवली की डोळे मिटणारी, पिवळ्या केसांची. लाल खोकं, त्याला पुढून पारदर्शक खिडकी. विलायती म्हणून आणली, पण नकलीच होती. कारखान्यातल्या कुणाच्या तरी चुकीने तिला दोन्ही हात डावे बसले होते, अंगठे एकाच बाजूला. पण गावात तसलं कुणी पाहिलंच नव्हतं. मग आपल्या घरांत जे होतं तेच झालं. चांगली वस्तू म्हणून बाहुली खोक्यासकट कपाटावर गेली. खेळायची नाही, खराब होईल. पाहुणे आले की खाली काढायची, सगळ्यांनी खिडकीतून बघायची, आणि परत वर. जिच्यासाठी आणली ती पोरगी खाली उभी राहून मान वर करून बघायची. असं वर्षभर चाललं.

मामांकडे तेव्हा जत्रेतली एक पत्र्याची मोटार होती, आणि मोटारीला गॅरेज नव्हतं. एका दुपारी घरातली माणसं खळ्यावर असताना त्यांनी स्टुलावर चढून खोकं उतरवलं, बाहुली नीट बाजूला निजवून ठेवली आणि विळीने खोक्याला मोटारीपुरतं दार कापलं. संध्याकाळी मार बसला, तो त्यांनी खाल्ला. पण त्याचं काही नाही. दोनच दिवसांनी घरी कुणी लांबचे पाहुणे आले, आणि निघताना त्यांच्या मुलीच्या हातात आईने ती बाहुली देऊन टाकली. जोवर खोकं होतं तोवर ती ठेवायची वस्तू होती. खोकं गेलं तशी ती देऊन टाकायची वस्तू झाली. "खोका नाय, आता कपाटावर काय ठेवायची?" आई म्हणाली, "पोरी खेलून मोडनार, त्यापेक्षा दिलेली बरी." जिची बाहुली तिला वर्षात एकदाही हातात मिळाली नाही. बहीण रडली नाही, भांडली नाही. "रडली असती तर बरं झालं असतं हो," मामा मला म्हणाले होते, "मीही विसरलो असतो."

ती बाहुली मामांनी शोधून काढली. तीच नव्हे, पण त्याच साच्यातली. मुंबईत घाऊक खेळण्यांच्या एका जुन्या दुकानाच्या पोटमाळ्यावर न खपलेला माल पडला होता, त्यात. पिवळे केस, मिटणारे डोळे, आणि दोन्ही हात डावे. त्या दिवशी मामा स्टेशनवरून थेट माझ्याकडे आले आणि चपला न काढता घरात शिरले. बाहुलीचे दोन्ही अंगठे एकाच बाजूला असल्याचं त्यांनी मला दोनदा दाखवलं. "आता फक्त खोकं करायचं, आणि भाऊबीजेला ताईला द्यायची," ते म्हणाले. मला वाटलं, आठ दिवसांचं काम. मी मामांना अजून पुरता ओळखला नव्हता.

खोक्याचा लाल जमेना. मापं जमली, खिडकी जमली, झाकणावरची वेलबुट्टी त्यांनी स्वतः काढली. लाल तेवढा राहिला. तो कुंकवाचा नव्हता, मिरचीचा नव्हता, पोस्टाच्या पेटीचा तर मुळीच नव्हता. मग कसला होता, असं विचारलं की मामा डोळे मिटून आठवायला लागायचे. आचोळे रोडवर लग्नपत्रिका छापणारा एक प्रेसवाला होता, त्याच्याकडे ते कागद छापून घ्यायला जायचे आणि प्रत्येक वेळी नको म्हणून परत यायचे. शेवटी तो वैतागला. "काका, लाल म्हणजे लाल. आख्ख्या सोपाऱ्याची लग्नं या लालवर लागली. बाहुलीलाच का नाही चालत?" मामांनी त्याला शांतपणे सांगितलं, की लग्न पुन्हा करता येतं. प्रेसवाल्याने हे वाक्य पुढे बऱ्याच गिऱ्हाइकांना ऐकवलं.

सासूबाई लग्न करून दिलेल्या वटार गावाला. केळीच्या बागेत घर, पुढे लांब ओटी. दर भाऊबीजेला आम्ही तिथे असायचो आणि मामा यायचे. पाट मांडला जाई, त्या ओवाळत, मामा ओवाळणीत साडी घालत. मग ताम्हणातलं निरांजन बाजूला ठेवता ठेवता सासूबाई हळूच विचारायच्या, "बाला, माझी बाहुली?" चाळिशी उलटलेल्या भावाला त्या बालाच म्हणायच्या. बाहुली मिळाल्याचं मामांच्या पोटात राहिलं नव्हतं, पहिल्याच वर्षी त्यांनी सांगून टाकलं होतं. मामा म्हणायचे, "लाल जमला नाही गं अजून. पुढल्या वर्षी नक्की." त्या हसायच्या. "अरे, मला काय तो खोका खायचाय? बाहुली आन नुसती. फडक्यात बांधून आन." मीही सांगून पाहिलं, की मामा, द्या आता, किती दिवस कपाटावर ठेवणार. ते चिडायचे. "एकदा तिचं खोकं मी बिघडवलंय. आता परत अर्धवट देऊ?" भाऊबीज यायची, जायची. बाहुली आचोळ्यातल्या कपाटावर, मळू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत. हे कुठे तरी आधी घडून गेलंय, असं मला वाटायचं. मामांना वाटायचं की नाही कुणास ठाऊक.

सासूबाईंना साखरेचा त्रास जुना. बागेतलं काम, घरातलं काम, गोळी कधी घेतली कधी नाही. एका वर्षी त्या म्हणू लागल्या, की डोळ्यांसमोर जाळी आल्यासारखं दिसतं. सगळ्यांनी मोतीबिंदू म्हणून सोडून दिलं. डॉक्टरकडे नेलं तेव्हा त्यांनी सांगितलं, की आतला पडदा खराब झालाय, उशीर झाला. मुंबईच्या फेऱ्या झाल्या, उपचार झाले. आधी एक डोळा गेला, मग दुसऱ्यातला उजेड हळूहळू विझला. त्या बाईने त्याचाही फार बाऊ केला नाही. ओटीवर बसून शेंगा सोलायच्या, कोण आलं ते पावलावरून ओळखायच्या. मामा मात्र त्या काळात आमच्याकडे यायचे थांबले. फोनवर खेळण्यांचा विषय निघेना. मामी म्हणाल्या, "माळ्यावर चढत नाहीत आता, खाली पसारा नाही. पाण्याच्या ड्रमला जागा झाली, पण मला काही बरं वाटत नाही हो."

त्या दिवाळीत मामा वटारला आले ते हातात पिशवी घेऊन. ओवाळणं झालं. या वेळी सासूबाईंनी बाहुलीचं विचारलं नाही. मामांनी पिशवीतून खोकं काढलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. मी बघत होतो. तोच लग्नपत्रिकेचा लाल होता, जो त्यांनी सगळ्यांत आधी नाकारला होता. सासूबाईंनी खोक्यावरून हात फिरवला, कडा चाचपल्या, पुढची गुळगुळीत खिडकी बोटांना लागली तशा थांबल्या. मग त्यांनी झाकण शोधलं, उघडलं आणि बाहुली बाहेर काढली. लहानपणी वर्षभर जे खिडकीतून नुसतं पाहिलं होतं ते बोटांनी बघू लागल्या. केस, नाक, फ्रॉकची झालर. एक हात, दुसरा हात. अंगठा, अंगठा. आणि लहान मुलीसारख्या खुदकन हसल्या. "दोन्ही डावेच रे! हीच ती." त्यांनी बाहुली आडवी केली, डोळे मिटल्याचा टक् असा बारीक आवाज आला. उभी केली, पुन्हा टक्. किती तरी वेळ त्या बाहुलीला झोपवत आणि उठवत होत्या.

मग त्यांना आठवण झाली. "बाला, लाल जमला का रे शेवटी?"

मामांनी आयुष्यात कधी नकलीला अस्सल म्हटलं नव्हतं. त्यापायी त्यांनी जावयाची दिवाळीची भेट नाकारली होती, प्रेसवाल्याशी वैर घेतलं होतं. ते त्या खोक्याकडे बघत राहिले.

"जमला, ताई," ते म्हणाले. "अगदी तोच जमला."

"बघ," त्या म्हणाल्या, "जमनार होताच." आणि बाहुली तशीच कुशीत धरून दुसऱ्या हाताने त्यांनी रिकामं खोकं चाचपून उचललं, भावाच्या दिशेने पुढे केलं. "हा तू ने. मला नको. तुझी मोटार ठेव त्यात."

परत येताना वटारच्या स्टॉपवर आम्ही दोघे बसची वाट बघत बसलो होतो. खोकं मामांच्या मांडीवर होतं. भाऊबीजेमुळे बायाबापड्यांची ये-जा चालू होती, कुणी त्या खोक्याकडे बघे, कुणी बघत नसे. मामा खिडकीच्या कागदावरची सुरकुती बोटाने सरळ करत होते आणि ती पुन्हा पडत होती. मग म्हणाले, "जावईबापू, पहिल्याच वर्षी हे तयार होतं हो. तेव्हा तिला दिसत होतं. हा लालसुद्धा चालला असता तिला."

"चालला असता," मी म्हणालो. खोटं सांगून त्यांची समजूत घालावी असं मनात आलं होतं, पण त्या दिवसापुरतं तेवढं एक खोटं पुरे होतं.

मामांनी त्यानंतर नवं खोकं केलं नाही. आचोळ्याला गेलो की पूर्वीसारखं एकेक खेळणं खाली काढून दाखवत नाहीत. मीच हट्ट धरला तर पहिलवान तेवढा निघतो. लाल खोकं कपाटावर आहे. त्यात एक पत्र्याची मोटार आहे, चारही चाकं वेगळ्या मापाची. वटारला बाहुली मात्र मळून गेली आहे. रोज हाताळून तिचे केस विरळ झाले, फ्रॉकची झालर उसवली. मामा ओटीवर बसले की सासूबाई ती त्यांच्या मांडीवर देतात, आणि म्हणतात, "धर रे जरा, मी चहा सांगते." मामा तिला दोन्ही हातांनी धरून बसतात, चहा येईपर्यंत खाली ठेवत नाहीत.